'पट्टी' म्हणजे नक्की काय? काळी एक, सूर, लय वगैरे

विचारणा
गाण्याच्या क्लासात पहिला प्रश्न आला, "तुमची पट्टी कोणती?" पेटीच्या कळीलाही पट्टीच म्हणतात, आणि 'वरच्या पट्टीत बोलू नकोस' असंही घरोघरी ऐकू येतं. हे सगळं एकच का? आणि 'काळी एक' हा कोणता स्वर?

पेटीवाला
काळी एक हा स्वर नव्हे, पेटीवरची जागा. काळ्या कळा दोन आणि तीन अशा गटांनी दिसतात. दोनांच्या गटातली डावीकडची काळी एक, मग काळी दोन. पुढच्या गटात तीन, चार, पाच. काळी एकच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक. ज्या कळीवर तुम्ही सा धरता ती तुमची पट्टी. सा कुठेही धरता येतो, म्हणून प्रश्न विचारावा लागतो.

काळी एकला सा धरला तर रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, आणि नी पुढच्या सप्तकातली पांढरी एक. हे पाठ करण्यापेक्षा मोजा. काळी-पांढरी न बघता प्रत्येक कळ म्हणजे एक घर. सापासून दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी घरं चाललात की शुद्ध स्वरांचं सप्तक कुठूनही तयार. पांढरी एकपासून शिकलेल्यांची बोटं सगळ्या पांढऱ्या कळांना सरावतात आणि पट्टी बदलली की अडखळतात, ते ही मोजणी न केल्यामुळे.

पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोन आणि बायका काळी चार-पाच घेतात, पण आकड्यावर जाऊ नका. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) पोकळ न होता टिकला आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) मान न ताणता लागला, तर पट्टी बरोबर. खाली आवाज विरत असेल तर एक घर वर जा, वर ओढाताण होत असेल तर एक घर खाली.

विचारणा
मग पेटीवर जुळलेला ग तंबोऱ्याशी लागत नाही असं का म्हणतात?

तंबोरेवाली
कारण दोघांचा ग वेगळा आहे. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा. शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. पेटीत बाराही घरं सारख्या प्रमाणात वाटलेली असतात, तिथे तोच ग ३०२.४ च्या आसपास येतो, म्हणजे चढा. पंचम मात्र ३६० ऐवजी ३५९.६, हा फरक सहसा कानाला जाणवत नाही. म्हणून पेटी सा-प तपासायला ठीक, ग-ध-नी घासून बसवायला तंबोरा. खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार नीट जुळली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो येत नसेल तर आधी जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी गुंजन, बघा. तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवून आवाज खुलला की थांबायचं.

तारा चार: पहिली मंद्र पंचम, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्ज. आधी जोडी मिळवा, मग खर्ज, पंचम शेवटी. मालकंस रागात पंचम वर्ज्य, तिथे पहिली तार मध्यमाला. मिरज आपल्या कोल्हापूरहून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एकदा तिथे जाऊन जवारी काढताना बघाच.

जाता जाता, 'कोमल' म्हणजे हळू गायलेला नव्हे. शुद्धापेक्षा एक घर खाली, एवढंच. रे, ग, ध, नी कोमल होतात. म तेवढा एक घर वर जाऊन तीव्र होतो.

तबलेवाला
दोन गोष्टी राहिल्या. 'ताल सुटला' आणि 'लय सुटली' हे लोक एकच समजतात. लय म्हणजे दोन मात्रांमधलं, म्हणजे ठोक्यांमधलं, अंतर. ताल म्हणजे मात्रांची ठरलेली मांडणी. तीनतालात मात्रा १६, टाळ्या १, ५, १३ वर, काल (टाळी न देता सोडलेली मात्रा) ९ वर. चौदावी मात्रा विसरून समेवर (पहिल्या मात्रेवर) आलात तर ताल चुकला. सोळाही मोजल्या पण शेवटच्या चार घाईत मोजल्या, तर लय गेली. नवशिक्यांची लय बहुतेक वेळा कालानंतर पळते, कारण सम दिसायला लागलेली असते. उपाय जुनाच: हाताने टाळी देत तोंडाने 'धा धिं धिं धा' म्हणायचं. कोल्हापूर ही जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांची कर्मभूमी. त्यांच्या घराण्यात विलंबित तीनताल भरपूर, तेव्हा हा अभ्यास फुकट जाणार नाही.

दुसरं, पट्टी तबल्यालाही असते. काळी एकचा तबला साधारण सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा. गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तो एखादं-दुसरं घर हलतो. काळी पाचपर्यंत उतरवलात तर नाद मरतो आणि चढवलात तर पुडी (वरचं कातडं) फाटते. काळी चार-पाचच्या गायिकेसाठी मोठ्या तोंडाचा, ढाला (खालच्या सुराचा) तबला वेगळाच ठेवावा लागतो. तेव्हा विकत घेताना दुकानात आधी पट्टी सांगा, मग किंमत विचारा.