अनुभव धागा: स्टेशनात नेमकं कुठे अडायला होतं, आणि रस्ता कशाने सापडला?

गोंदियाची_लेक

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझी मावशी गोंदियाहून नागपूरला येते, विदर्भ एक्सप्रेसने. स्टेशनवर उतरून संत्रा मार्केटच्या बाजूने मेट्रो पकडायची, बर्डीला (म्हणजे सीताबर्डीला) बदलायची आणि जयप्रकाश नगरला उतरायचं, एवढंच. मावशी सातवी शिकलेली, धानाचा सगळा हिशोब तोंडपाठ ठेवते, कोणाच्या बापाला घाबरत नाही. पण बर्डीला, जिथे एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर जायला मजला बदलावा लागतो, तिथे जिन्यापाशी ती थांबते. बोर्ड आहेत, मराठीत आहेत, अक्षरं मोठी आहेत, तरी थांबते. कारण गाडीची दिशा शेवटच्या स्टेशनवरून ओळखायची असते. एका लाईनला लोकमान्य नगर आणि प्रजापती नगर, दुसरीला खापरी आणि ऑटोमोटिव्ह चौक, आणि तिला जायचं जयप्रकाश नगरला. जो माणूस गोंदियात राहतो त्याला खापरी कोणत्या अंगाला आहे हे कसं ठाऊक असणार?

मग मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिला एक उभी रेघ काढून दिली. वर रेल्वे स्टेशन, खाली कॉटन मार्केट, खाली बर्डी. तिथे आडवा बाण, मग काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक आणि खाली जयप्रकाश नगर. कॉटन मार्केट आणि छत्रपती चौक या दोन नावांखाली लाल पेनने रेघ मारली, म्हणजे हे आलं की उठायचं, आपलं पुढचं आहे. उतरायच्या स्टेशनपेक्षा त्याच्या आधीचं स्टेशन तिला जास्त कामाचं निघालं! आता एकटी येऊन राहिली, आणि तोच कागद घेऊन तिच्या गावची आणखी एक बाई येऊन गेली.

तर तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी, आगगाडी असो मेट्रो असो लोकल असो, नेमक्या कोणत्या जागी अडलं आणि काय केल्यावर सुटलं ते लिहा. "सुधारणा पाहिजे" एवढंच नका लिहू, जागा सांगा.

वडसावाला

मस्त धागा ताई. मी वडस्याचा, शिकायला नागपूरला. माझं म्हणणं बाहेर पडण्याबद्दल आहे. गाडीत बसायला सगळे सांगतात, उतरल्यावर कोणत्या बाजूचा जिना उतरायचा ते कोणी सांगत नाही, आणि आपल्या इथे रस्ता असा रुंद की चुकीच्या अंगाला उतरलं तर सिग्नल ओलांडून परत यायला दहा मिनिटं जातात. दिल्लीत मेट्रो स्टेशनच्या प्रत्येक दाराला गेट नंबर असतो, तिथे लोक एकमेकांना "गेट नंबर दोनला ये" असंच सांगतात, भेटायला एकदम सोपं. गेट नंबरच्या बोर्डावर बाहेर काय आहे ते लोकांच्या तोंडच्या नावाने लिहावं, म्हणजे दवाखाना, बस स्टॉप, कॉलेज. सरकारी इमारतीचं पूर्ण नाव कोणी बोलत नाही.

चौकशी_खिडकी

मी रेल्वेतून निवृत्त झालो, शेवटची बरीच वर्षं चौकशीच्या खिडकीवर काढली, म्हणून थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

खिडकीवर माणूस विचारतो "गाडी किती वाजता आहे", पण दोन मिनिटं बोललं की कळतं त्याला खरं विचारायचं असतं की मी उभा कुठे राहू. गाडी चोवीस डब्यांची, म्हणजे अर्धा किलोमीटरच्या वर लांबी, थांबा काही मिनिटांचा, सोबत म्हातारी आई, दोन पिशव्या आणि संत्र्याची पेटी. एस दोन डबा इंजिनाकडे की मागे, हे त्याला गाडी यायच्या आधी समजलं पाहिजे. गाडी आल्यावर समजून काय उपयोग, मग सगळा प्लॅटफॉर्म एकमेकांना धडका देत पळत असतो. डब्यांचे इंडिकेटर लागले तेव्हापासून ही पळापळ खूप कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत प्रवाशाच्या सोयीची एवढी मोठी गोष्ट दुसरी झाली नाही. फक्त ते बोर्ड वेळेत चालू झाले पाहिजेत.

दुसरं, गाडीचा नंबर. लोक नावावर जातात आणि नावं सारखी असतात, नागपूर पुणे म्हणाल तर कोणती? नंबर एकच असतो. डिसेंबर २०१० पासून सगळे नंबर पाच आकडी झाले. पहिला आकडा १ किंवा २ म्हणजे लांब पल्ल्याची, ० असला तर स्पेशल, ५ म्हणजे साधी पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू, विजेवरची लोकलसारखी गाडी. जाणारी आणि परतीची यांचे नंबर बहुतेक शेजारशेजारचे. विदर्भ मुंबईहून निघते ती १२१०५, गोंदियाहून निघते ती १२१०६. घोषणा सुरू झाली की आधी नंबर येतो, म्हणून शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा, गोंगाटातसुद्धा कान तेवढे बरोबर पकडतो.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, मध्यरात्रीनंतरची गाडी. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:३५ असं असतं. आपण बोलताना त्याला चौदाची रात्र म्हणतो. माणसं पंधराच्या रात्री जेवून खाऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन आरामात येतात आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. लग्नाचं अख्खं वऱ्हाड असं खिडकीसमोर उभं राहिलेलं पाहिलंय हो, नवरदेवाच्या आईचा चेहरा अजून आठवतो. तिकिटावर तारखेसोबत वार छापला आणि "१४ च्या रात्री १२ नंतर" अशी एक ओळ घातली तर किती लोकांचे पैसे आणि डोळ्यातलं पाणी वाचेल. मी हे तेव्हाही सांगत होतो, आताही सांगतो.

सदरची_सून

चौकशी काका, वार छापायच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे सासरे तिकीट आलं की पहिले पेनने वार लिहितात.

पांढरी_काठी

मी जन्मापासून पाहू शकत नाही, हे फोनवर स्क्रीन रीडरने लिहितोय, टायपिंग इकडेतिकडे झालं तर समजून घ्या.

प्लॅटफॉर्मवर जी पिवळी खडबडीत पट्टी असते ती शोभेची नाही हे आधी सांगतो, कारण तिच्यावर सामान ठेवून बसणारे खूप आहेत. तिच्यात दोन प्रकारच्या फरश्या असतात. लांब उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, गोल गोल उंचवटे म्हणजे थांब, पुढे जिना आहे, वळण आहे किंवा कड आहे. बुटाच्या तळव्यातून हा फरक स्पष्ट लागतो, काठी तर रेघांवरून वेगळीच वाजते. जपानच्या सेइची मियाके यांनी या फरश्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंध शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. आज जगभर त्या आहेत.

आता जागा. एका मोठ्या जंक्शनवर, नागपूरचं नाही, मी त्या रेघांवरून विश्वासाने चालत होतो आणि पट्टी सरळ एका स्टॉलच्या काउंटरला जाऊन भिडली. म्हणजे पट्टी आधी होती आणि स्टॉल नंतर आला. स्टॉलवाला बिचारा चांगला होता, बाहेर येऊन त्याने मला पलीकडे नेऊन परत पट्टीवर उभं केलं. पण तो स्टॉल तिथे मांडायला ज्याने होकार दिला त्याने एकदा डोळे मिटून तेवढी दहा पावलं चालून बघायला हवी होती.

मेट्रोत मला सगळ्यात जास्त आधार वाटतो तो दार कोणत्या बाजूला उघडणार या घोषणेचा. ती घोषणा गाडी थांबायच्या आधी येते म्हणून कामाची, मी वेळेवर वळून उभा राहतो, कोणाला विचारावं लागत नाही. रेल्वेच्या जनरल डब्यात हे काहीच नसतं, तिथे शेजारच्याला विचारायचं आणि तो झोपलेला असला की संपलं.

आणि मदत करणाऱ्यांना हात जोडून एक विनंती, "तिकडे", "इथून पुढे" असं नका सांगू. "तुमच्या उजव्या हाताला, साधारण वीस पावलं" असं सांगा. हात धरून ओढू नका, तुमचा कोपर पुढे करा, मी धरतो.

गोंदियाची_लेक

पांढरी_काठी दादा, हे वाचून घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा लहाना आता फरश्या मोजून राहिला.

मुंबईत_नागपूरकर

दादरचं उदाहरण द्यायलाच पाहिजे. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे, आणि दोघांचेही प्लॅटफॉर्म एक नंबरपासून सुरू व्हायचे. म्हणजे एकाच स्टेशनात दोन एक नंबर, दोन तीन नंबर. आपल्या विदर्भातून पहिल्यांदा आलेला माणूस पुलावर उभा राहून "तीन नंबर कुठे" विचारायचा आणि दोघं दोन दिशा दाखवायचे, आणि दोघंही बरोबर! डिसेंबर २०२३ मध्ये नंबर सलग केले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ पासून १४ पर्यंत झाले. ना नवा पूल बांधला ना नवा रूळ टाकला, बोर्ड बदलले आणि घोषणा बदलल्या. माझ्याकडे काकू उतरल्या तेव्हा फोनवर "अकरा नंबरला थांबा" एवढंच सांगितलं आणि त्या तिथेच होत्या.

लोकलचा इंडिकेटर पण शिकण्यासारखा आहे, एका ओळीत शेवटचं स्टेशन, वेळ, स्लो की फास्ट आणि डबे बारा की पंधरा. आणि खांबांवर, भिंतींवर लाल पिवळे पट्टे म्हणजे तिथे फर्स्ट क्लास येणार, हिरवे पट्टे म्हणजे बायकांचा डबा. गाडी यायच्या आधीच माणूस बरोबर जागेवर उभा असतो, चौकशी काका म्हणतात तेच.

रंग_वेगळे_दिसतात

पट्टे चांगले, पण माझ्यासारख्यांचा विचार करा. मला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्या नागपूर मेट्रोचे नारंगी आणि अ‍ॅक्वा हे दोन रंग मला लगेच वेगळे कळतात, त्यामुळे इथे कधी त्रास नाही. ज्या शहरात सात आठ लाईनी आहेत तिथला नकाशा मात्र माझ्यासाठी नुसता गुंता असतो. रंगासोबत अक्षर किंवा आकडा दिला की प्रश्नच मिटतो. टोकियोच्या मेट्रोत २००४ पासून प्रत्येक स्टेशनला लाईनचं अक्षर आणि नंबर आहे, गिन्झा लाईनवर गिन्झा स्टेशन म्हणजे जी ०९. जपानी वाचता येत नसलं तरी सात, आठ, नऊ मोजता येतात. आणि नंबर वाढताहेत की कमी होताहेत यावरून दिशा बरोबर आहे का तेही समजतं. धागाकर्त्या ताईंच्या मावशीला शेवटचं स्टेशन माहीत असायची गरजच उरत नाही.

निळी_पताका

मी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टेशनवर स्वयंसेवक म्हणून उभी असते. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली, तेव्हापासून लाखो माणसं येतात, महाराष्ट्रातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, कुठून कुठून. खूप आयाबाया वाचू शकत नाहीत, कोणाला मराठी येत नाही, कोणाला हिंदीही नीट येत नाही. अशा गर्दीत अक्षरांचा बोर्ड कमी पडतो. आम्ही दीक्षाभूमीच्या स्तूपाचा मोठा फोटो आणि खाली बाण, एवढंच उंच काठीवर धरतो. घुमट दिसला की चेहरे उजळतात, लोक आपोआप त्या बाजूला वळतात, विचारत पण नाहीत. आणि बाण प्रत्येक वळणावर लागतो, एका वळणाला बाण नसला तर तिथेच पाचशे माणसं उभी राहतात आणि मागचे ढकलायला लागतात. परतीला आम्ही आगगाडीचं चित्र धरतो.

वाचलंय की मेक्सिको सिटीत १९६९ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला एक चित्र दिलं, चापुल्तेपेकला नाकतोडा, असं. वाचता न येणाऱ्यांचा विचार पहिल्या दिवसापासून केला. आपल्याकडे किती सोपं आहे बघा, झिरो माईलला तो दगडी खांब आणि घोडे, कॉटन मार्केटला कापसाचं बोंड, एअरपोर्टला विमान. माझी आजी बोंड बघून बरोबर उतरेल, मी लिहून देते.

वडसावाला

निळी_पताका ताई, बोंडाची आयडिया लय भारी. माझ्या बाबांना पण एका झटक्यात समजेल, कापूस वेचण्यात जिंदगी गेली त्यांची.

चौकशी_खिडकी

चित्रांची कल्पना मनापासून पटली. फक्त एक, चित्र एकदा ठरलं की बदलायचं नाही. बोर्डाची जागाही बदलायची नाही. खिडकीवर बसून एक कळलं, रोजचा प्रवासी बोर्ड वाचत नाही, त्याचे पाय चालतात. बोर्ड नव्या माणसासाठी असतो, म्हणून तो लावायच्या आधी स्टेशन कधीच न पाहिलेल्या दोन माणसांना आत सोडावं आणि ती कुठे थांबतात, कुठे मान वर करून शोधतात तिथे खडूने खूण करावी. खुणेच्या जागी बोर्ड लावावा. साहेबांच्या केबिनमधल्या नकाशावर ती जागा दिसत नाही.

सदरची_सून

काका, धाग्यावर आहात तर एक विचारते. आईचं चेन्नईकडचं तिकीट काढलंय, तारीख २२ आणि वेळ ००:२०. तिला २१ च्या रात्री घेऊन यायचं ना?

चौकशी_खिडकी

हो, २१ ची रात्र. अकरापर्यंत पोचा, आणि डब्याचा नंबर मोठ्या अक्षरात वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा, नुसतं फोनवर नको.

सदरची_सून

ठीक आहे काका, चिठ्ठी आत्ताच लिहिते.