१६ मिमी लॅटरलमध्ये टर्ब्युलंट ते लॅमिनार: मॉडेल कोणतं लावावं?

ठिबक_वरूड:
संत्र्याच्या बागेतली ६० मीटर इनलाइन ठिबक नळी (लॅटरल, ड्रिपर आतच बसवलेले), आतला व्यास १४ मिमी, दर ६० सेंमीला ताशी ४ लिटरचा ड्रिपर (साधा; पीसी, म्हणजे दाब बदलला तरी प्रवाह सारखा ठेवणारा, नाही). तोंडाशी ताशी ४०० लिटर, म्हणजे ३० अंशाच्या पाण्याला रेनॉल्ड्स अंक साधारण १२,६०० (नळीत २३०० च्या खाली प्रवाह लॅमिनार, म्हणजे संथ थरांचा; ४००० च्या वर टर्ब्युलंट, म्हणजे खळबळीचा). शेवटच्या ड्रिपरपाशी जेमतेम १२६. ओपनफोम ह्या सीएफडी (संगणकावर प्रवाह मोजण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये गॅमा-री-थीटा हे संक्रमणाचं, म्हणजे लॅमिनार ते टर्ब्युलंट बदलाचं, मॉडेल लावलं. तोंडाशी टर्ब्युलन्स ५ टक्के दिला तर अख्खी नळी टर्ब्युलंट, १ टक्का दिला तर बराच भाग लॅमिनार. वाय-प्लस (भिंतीपासून मेशच्या पहिल्या सेलचं मापरहित अंतर) १ च्या खालीच आहे, म्हणजे मेश बारीक आहे. मग असं काहून होते?

पाटचारी:
भाऊ, मेशचा दोष नाही. लँगट्री-मेंटरचं हे मॉडेल सीमास्तरासाठी, म्हणजे भिंतीलगतच्या मंदावलेल्या थरासाठी आहे. स्तराबाहेरच्या मोकळ्या प्रवाहातला टर्ब्युलन्स आणि दाबाचा उतार बघून ते संक्रमणाची जागा ठरवतं. नळीत प्रवाह पूर्ण विकसित झाला, म्हणजे भिंतींचे थर मध्यात मिळाले, की मोकळा प्रवाह उरतच नाही, म्हणून तुम्ही तोंडाशी द्याल तो आकडाच निकाल ठरवतो.

आणि हिशोब करून पाहा: ४००० च्या खाली तुम्ही शेवटच्या १९ मीटरमध्ये जाता, २३०० च्या खाली शेवटच्या ११ मीटरमध्ये. ब्लासियसच्या घर्षण-सूत्राने पूर्ण नळीची घर्षणहानी सव्वा मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) येते, त्यातली त्या १९ मीटरची फक्त ५ सेंमी. एवढ्यासाठी सीएफडी कशाला? चर्चिलचं १९७७ चं घर्षणाचं सूत्र लॅमिनारपासून टर्ब्युलंटपर्यंत सलग चालतं. एक्सेलमध्ये शेपटाकडचा दाब धरा, एकेक ड्रिपर मागे मोजत या, तोंडाचा दाब जुळेपर्यंत शेपटाचा आकडा बदला. इनलाइन ड्रिपरच्या अंगाने नळी अरुंद होते, ती हानी वेगळी धरा.

ठिबक_वरूड:
मे महिन्यात काळी नळी तापते, त्याचं काय जी?

पाटचारी:
५० अंशाला पाण्याची स्निग्धता ३० अंशाच्या जवळपास ७० टक्केच राहते. अंक २३०० होतो ती जागा शेपटापासून ११ वरून साडेसात मीटरवर सरकते. ड्रिपरमागच्या खळबळीमुळे तशीही ती रेघ ठळक नसतेच.

चिपाड:
सीएफडी करायचंच तर ड्रिपरच्या आतल्या नागमोडी वाटेचं करा, खरी मजा तिथं आहे. १ मिमी बाय १ मिमी वाट धरली तर वेग १.१ मी/से, अंक १४०० च्या आसपास. सरळ नळीत हा लॅमिनार. पण प्रत्येक दातामागे प्रवाह भिंत सोडतो नि भोवरे सुटतात. इथं स्टँडर्ड के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्स मॉडेल वॉल फंक्शनसह (भिंतीजवळचा थर न सोडवता सूत्राने भरून) लावू नका: त्याला पहिला सेल वाय-प्लस ३० च्या पुढे लागतो, म्हणजे भिंतीपासून ०.३ मिमी, आणि अर्धी वाटच ०.५ मिमी! पहिल्या सेलचा मध्य १० मायक्रॉनवर ठेवा. एसएसटी के-ओमेगा (भिंतीपर्यंत सोडवता येणारं टर्ब्युलन्स मॉडेल) आणि बारीक मेशवर काळानुसार बदलणारं लॅमिनार, दोन्ही चालवा. मग ५, १० आणि १५ मीटर हेडला डब्यात पाणी मोजून घातांक, म्हणजे प्रवाह दाबाच्या कितव्या घाताने वाढतो ते, काढा. तो ०.५ च्या जवळ आला तर वाट टर्ब्युलंटसारखी वागते. १ कडे झुकला तर लॅमिनार.

खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर नवा ड्रिपर घेऊनच मोजा, क्षार बसला की वाटेचं मापच बदलतं.

पाटचारी:
बरोबर. आणि शेवटच्या ११ मीटरमध्ये वेग ०.१३ मी/से च्याही खाली असतो, गाळ तिथंच बसतो. शेपूट उघडून धुताना तिथला वेग किमान ०.३ मी/से मिळतो का ते त्याच एक्सेलमध्ये तपासा. ह्या नळीला त्यासाठी शेवटाला ताशी १६६ लिटर बाहेर पडायला पाहिजे.