‘कम्पॅशन’ला तुरुंगात काय म्हणायचं?

अनुवादिनी: इंग्लंडमधले तुरुंग आणि ब्रॉडमूरसारखी कडक बंदोबस्ताची मनोरुग्णालयं, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावरचा मजकूर मराठीत करतेय. ‘कम्पॅशन’ला मी ‘करुणा’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘दया’ सोपा.

खर्डेघाशी: दया नको. तुरुंगात दया म्हटलं की राष्ट्रपतींकडे जाणारा दयेचा अर्ज आठवतो. देणारा वर, मागणारा खाली. ‘अनुकंपा’ तर सरकारनं कधीच पळवला. वडील सेवेत असताना वारले आणि मुलगा चिकटला, की अनुकंपा!

पंतोजी: करुणेतही गोम आहे. मराठीत आपण करुणा ‘भाकतो’, म्हणजे ती गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या तोंडी. रामदासांची करुणाष्टकंही रामापुढची विनवणीच. बौद्ध परंपरेतल्या मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा या चार मनोभावांतली करुणा मात्र दुसऱ्याचं दुःख पाहणाऱ्याची. १९९४ साली किरण बेदींच्या कारकिर्दीत तिहारमध्ये विपश्यनेची शिबिरं झाली, त्यांचं मूळ तिथलंच. म्हणून करुणाच ठेवा.

अनुवादिनी: पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत दोन भाग आहेत: दुःखाची जाण, आणि ते हलकं करायची, टाळायची धडपड. ही धडपड करुणेत येते?

निवृत्त सिस्टर: कणवेत तर नाहीच येत. मनोरुग्णालयात रात्रपाळीला एक बाई तीन-तीन वाजेपर्यंत दारावर ताटली आपटायची. माझी कणव पहिल्याच आठवड्यात आटली. उरलं काय, तर आवाज न चढवता तिला नावानं हाक मारायची आणि विचारायचं, “पाणी हवंय का?” कधी ताटली थांबायची, कधी नाही. याला आम्ही ‘सांभाळून घेणं’ म्हणायचो.

अनुवादिनी: वा! पण हीच करुणा कर्मचाऱ्यानं स्वतःकडेही वळवायची आहे. ‘स्वतःची कीव’ म्हटलं तर अर्थ पार उलटा होतो. ‘आत्मकरुणा’ फारच छापील.

निवृत्त सिस्टर: ‘जिवाला जप’ म्हणा की. पाळी संपवून निघताना आमच्या मेट्रन हेच म्हणायच्या.

खर्डेघाशी: सिस्टर, ते झकास. पण तुरुंगाच्या मजकुरात ‘सांभाळून घ्या’ छापू नका. “साहेब, जरा सांभाळून घ्या” म्हणताना हात खिशाकडे गेलेला असतो.

अनुवादिनी: अगं बाई! मग तुरुंगाच्या पानांवर करुणा आणि वॉर्डाच्या पानांवर सांभाळून घेणं. संपादकांनी लाल रेघ मारली तर ताटलीची गोष्ट सांगेन.