सुधाकर बदलतो की नुसताच घसरतो?

विंगेतला:
परवा इथेच एकाने राम गणेश गडकऱ्यांच्या संगीत नाटकाबद्दल, त्यातल्या दारूत बुडणाऱ्या वकील सुधाकरबद्दल ठोकून दिलं: ''एकच प्याला' पात्ररचनेत कच्चं आहे. सुधाकर पहिल्या अंकात हेकट, पाचव्यातही हेकटच. त्याचा प्रवासच नाही.' खाली अंगठ्यांची रांग. म्हणून दुपारची झोप मोडून लिहायला बसलोय.

'पात्राचा प्रवास' हे शब्द मला आता ऐकवत नाहीत. एका शिबिरात आम्हाला फळ्यावर चढती रेघ काढून दाखवली होती. पात्र इथून निघतं, इथे शिकतं, इथे पोचतं. एसटीचं वेळापत्रकच!

गडकऱ्यांनी एकाच नाटकात तीन पिणारे ठेवलेत, ते उगाच का? तळीराम मरेपर्यंत तस्साच. डॉक्टर-वैद्य त्याच्या उशाशी भांडतायत, तरी याचा जीव प्याल्यातच. भगीरथ सोडतो आणि माणसात येतो. मधे लटकलेला सुधाकर. तोही एकदा मनापासून सोडतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो, ओळखीचे लोक अपमान करून वाटेला लावतात आणि तो परत पितो. पण हा पहिला प्याला नव्हे. पहिला वकिलीची सनद गेल्याच्या जळफळाटात, तळीरामाच्या आग्रहाने घेतलेला. हा दुसरा पुढचं सगळं दिसत असताना घेतलेला. हा बदल नाही?

दोन अंक पुरे:
'एकाने' म्हणजे मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

भगीरथाचं कौतुक पुरे. त्याचं सुधारणं सुधाकरच्या मित्राच्या, रामलालच्या उपदेशात उरकलंय. नाटक बघून घरी जाताना भगीरथ कुणाच्या डोक्यात असतो? आणि सुधाकर पहिल्यांदा अपमान झाला म्हणून पितो, दुसऱ्यांदाही अपमान झाला म्हणूनच. दुखणं तेच, औषध तेच. याला मी घसरगुंडी म्हणतो. वर लांबच लांब भाषणं. खरोखर बदलणारा माणूस इतकं बोलत नाही हो.

बाल्कनीतून:
माफ करा, पण आपण नक्की कुठला 'एकच प्याला' पाहिलाय? मूळ पाच अंक आहेत. हल्ली ते कापून अडीच तासांत बसवतात. मी पाहिलेल्या एका प्रयोगात कॅन्टीनमधून वडा घेऊन येईपर्यंत सुधाकर पक्का दारुडा झाला होता. मधली उतरणच कापलीत, तर बदल दिसणार कुठून?

दोन अंक पुरे:
पाच अंक बघायला आता कोण बसणार? शेवटची लोकल तुमच्यासाठी थांबते का? आणि कापायचंच तर आधी गाणी कापा. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग केला, तो वि. सी. गुर्जरांच्या पदांवर. म्हणजे ती पदं गडकऱ्यांची नव्हेतच.

बाल्कनीतून:
गुर्जरांनी ती बालगंधर्वांच्या सिंधूसाठी, म्हणजे सुधाकरच्या बायकोच्या भूमिकेसाठी लिहिली. ती काढलीत तर सिंधूला उरतं काय? दळण आणि सोसणं!

दोन अंक पुरे:
सिंधू उपाशी आणि आपण वन्समोअर मागतोय. पहिल्या खेपेला डोळ्यात पाणी, दुसऱ्या खेपेला ताना मोजायच्या. तिची उपासमार तेवढा वेळ थांबवून ठेवायची. वा!

बाल्कनीतून:
ज्याला सूर कळत नाही त्याने संगीत नाटकाच्या वाटेला जाऊच नये.

दोन अंक पुरे:
आमच्या घरात पेटी आहे, बरं का. आणि ती पडून नाही.

विंगेतला:
अहो, विषय सुधाकर होता!

सोलापुरी चादर:
सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण 'बदलणारा माणूस इतकं बोलत नाही' हे खटकलं.

माझे वडील गिरणीत होते. दारू सोडायची शपथ त्यांनी अकरा वेळा घेतली, मी मोजलीय. कधी गळ्यात माळ घालून, कधी आईच्या डोक्यावर हात ठेवून. दर खेपेला तासतासभर बोलायचे, आम्हा भावंडांना ओळीत बसवून. ते ढोंग नव्हतं, त्या वेळी ते खरंच बदललेले असायचे. तिसऱ्या दिवशी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालायचे. आम्ही पोरं त्या शर्टाला भ्यायचो. दोन आठवड्यांत तो चुरगळणार हे ठाऊक असायचं. बाराव्या खेपेला सुटली. शपथ नाही, भाषण नाही. का सुटली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यामुळे सुधाकर शपथ घेतो तिथे माझ्या पोटात गोळा येतो, पितो तिथे येत नाही.

दोन अंक पुरे:
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण घरातला अनुभव म्हणजे नाटकाचा पुरावा नव्हे. शिवाय ते शेवटी न बोलताच बदलले. म्हणजे माझंच म्हणणं!

सोलापुरी चादर:
बाराव्या खेपेचं तेवढं घेतलंत, अकरा टाकून दिल्यात. घ्या, जिंकलात.

विंगेतला:
काही लाज?

दोन अंक पुरे:
बरं, तो शेवटचा टोमणा नको होता. शपथेचा प्रवेश पुन्हा वाचून बघेन. बाकी मत तेच.

तिसरी घंटा:
इतका वेळ पुरुषांचं पिणं आणि सोडणं चाललंय, म्हणून मधे पडते. सिंधूला सगळे 'न बदलणारी पतिव्रता' म्हणून बाजूला ठेवतात. तळीरामाची बायको गीता निदान त्याला तोंडावर सुनावते, सिंधू तेही करत नाही. पण शेवट बघा. नवऱ्याच्या काठीने पोर गेलंय, तीही मरायला टेकलीय, आणि पोलिसांपुढे ती धडधडीत खोटं सांगते. ज्या बाईच्या खरेपणावर पाच अंक उभे आहेत तिच्या तोंडी हे खोटं येतं. नाटकातला सगळ्यात मोठा बदल मला तिथे दिसतो.

विंगेतला:
हे खोटंही नवऱ्यासाठीच ना पण? मग ती बदलली कुठे?

तिसरी घंटा:
कुणासाठी ते नाही विचारत मी. तिला काय मोजावं लागलं ते बघा. कॉलेजात सिंधू केली होती मी. दिग्दर्शक म्हणाला, त्या वाक्याला रड. मी नाही रडले. फौजदाराकडे सरळ बघून, हिशोब सांगावा तसं कोरडं बोलले. समोर खोकलासुद्धा ऐकू आला नाही. परीक्षकांचा शेरा: 'सिंधूत भाव कमी.'

दोन अंक पुरे:
हे पटलं नाही, पण तो प्रयोग बघायला आवडला असता.

बाल्कनीतून:
त्यात पदं ठेवली होती का?

तिसरी घंटा:
नाही. पाऊण तासात नाटक बसवायचं होतं.

बाल्कनीतून:
मग भाव कमीच असणार.