अनुभव धागा : उधना, खान्देशी माणसाची अर्धी सुरत

सुरतेच्या अगदी अलीकडचे उधना हे स्थानक मुख्य स्थानकापुढे लहानच. परंतु जळगावहून अमळनेर, नंदुरबार, नवापूर करीत येणारा सुमारे ३०० किलोमीटरचा ताप्ती मार्ग मुंबई–अहमदाबाद मार्गाला येथेच मिळत असल्याने, यंत्रमाग आणि कापड मार्केटच्या भरवशावर गेलेल्या आपल्या माणसांची सुरत येथूनच सुरू होते. उधन्याशी ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

शिंदखेडा, सध्या दिंडोली
लिंबायत, दिंडोली या वस्त्या उधन्याहून जवळ असल्यामुळे सुरत स्थानक मी लग्नानंतर कितीतरी दिवस पाहिलेच नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की परतताना आई दादर ज्वारी आणि तुरीची डाळ गोणीत भरून तिचे तोंड दाभणाने शिवून देत असे. बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडयांचा पत्र्याचा डबा मात्र वेगळा, कारण गोणीच्या भाराखाली त्यांचा उधन्यापर्यंत भुगा होतो. गाडी थांबताच दीर खिडकीतून डबा घेत, मग मूल, आणि गोणी खाली येईपर्यंत गाडी सुटते की काय, हा घोर प्रत्येक वेळी नव्याने लागत असे. बाहेर पाट्या गुजरातीत असल्या, तरी रिक्षावाला "कोठे जानं शे, ताई?" असे अहिराणीत विचारी आणि परक्या मुलखात उतरल्याची धास्ती तिथल्या तिथे निम्मी होई.

अमळनेर
मार्ग एकेरी असताना क्रॉसिंगसाठी पॅसेंजर एखाद्या आडस्थानकात उभी राहिली, की उधन्याला न्यायला येणाऱ्यांना वेळ सांगण्यात अर्थ नसे. दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचे लोकार्पण फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्याच्या कार्यक्रमात झाले, तो खोळंबा संपला, आणि माझ्या मते या मार्गाला मिळालेली हीच सर्वांत मोठी सोय आहे. उधन्याच्या तोंडाशी, मुख्य मार्गावरील गाड्या पुढे जाईपर्यंत, अजूनही कधीकधी ताटकळावे लागते. तरीही सामान दाराशी आणून वाट अडवणारे लोक बसून राहायला तयार नसतात.

नवापूर
राज्याची सीमा आमच्या स्थानकाच्या फलाटावरूनच जाते, त्यामुळे गुजरातेत शिरल्याचे आम्हाला काहीच अप्रूप नाही. उधन्याचे आकर्षण पगाराचे.

धरणगाव
दिवाळी आणि छठच्या दिवसांत उत्तर भारताकडे जाणाऱ्या विशेष गाड्यांमुळे उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याच गर्दीत श्रावणातल्या कानबाईच्या सणाला न जमल्याने दिवाळीला तरी गावी निघालेले आपले लोकही असतात. लेकरे आणि म्हातारी माणसे सोबत असतील, तर त्या आठवड्यात जनरल डब्याच्या नादी न लागता आरक्षण आधीच करावे. एकट्या तरुणाने मात्र नंदुरबारपर्यंत उभे राहण्याची तयारी ठेवावी, तिथे बहुधा टेकायला जागा होते.