नव्या संगणकाचं ऑटो अपडेट: मोकळं सोडायचं की लगाम हातात ठेवायचा?

बारीक शंका
भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी घरात नवा लॅपटॉप आलाय, विंडोज ११ होम. दुकानदार आपण होऊन म्हणाला, "अपडेट बंद करून देऊ का? मशीन फास्ट राहतं." मी नको म्हटलं. पण अगदी मोकळं सोडायलाही माझा विरोध आहे.

माझं म्हणणं इतकंच, की अपडेट यावं, पण आठवडाभर उशिरा यावं. सुरक्षेची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. त्या दिवशी 'पॉज'वर एक आठवडा टाकायचा. काही घोळ असेल तर तोवर बोंब उठलेली असते. ऑक्टोबर २०१८ मधलं विंडोज १० चं मोठं अपडेट आठवा. काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला चार दिवसांत वाटप थांबवावं लागलं. आपण पहिल्या पंगतीला कशाला बसायचं?

पॅचवाला
साफ असहमत. उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातंय. २०१८ चं ते अपडेट २ ऑक्टोबरला आलं, पण सुरुवातीला फक्त स्वतःहून 'चेक फॉर अपडेट्स' दाबणाऱ्यांना. आपोआप वाटप ९ तारखेपासून व्हायचं होतं, ते झालंच नाही. म्हणजे ज्यांनी ऑटोवर सोडून दिलं होतं ते वाचले आणि हौशी लोक अडकले.

शिवाय ते तेव्हा वर्षातून दोनदा येणारं फीचर अपडेट, म्हणजे नव्या सोयींचं मोठं अपडेट होतं. महिन्याचं सुरक्षा अपडेट ही वेगळी गोष्ट आहे, त्यात उशीर नको. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसचं काय झालं? भोक बुजवणारा पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. ज्यांनी वेळेत घेतला होता त्यांना तो किडा त्या वाटेने शिवलाही नाही.

बारीक शंका
मार्च ते मे म्हणजे जवळजवळ दोन महिने. माझा एक आठवडा त्यात आरामात बसतो की!

पॅचवाला
तेव्हा बसला असता. पण पॅच बाहेर पडला की जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून भोक नेमकं कुठे होतं ते शोधणारे बसलेलेच असतात. आणि काही भोकांचा गैरवापर तर पॅच येण्याआधीच सुरू झालेला असतो. तिथे तुमचा आठवडा म्हणजे उघडं दार.

निवांत काका
एवढं डोकं चालवायचंच कशाला? मी विंडोज अपडेटची सर्व्हिसच डिसेबल करून ठेवली आहे. काहीही बिघडलेलं नाही. उलट १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने जगभर ८५ लाख मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली, विमानं अडकली. आपोआप येणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

पॅचवाला
काका, क्राउडस्ट्राइक हे कंपन्या विकत घेतात ते सुरक्षा सॉफ्टवेअर. ते विंडोज अपडेटमधून आलंच नव्हतं, घरगुती संगणकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. आणि तुम्ही बंद केलेली सर्व्हिस विंडोज पुन्हा चालू करतं, एकदा बघून घ्या. खरंच बंद असेल तर जास्त वाईट, कारण डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या, नव्या व्हायरस-याद्याही सहसा त्याच वाटेने येतात.

निवांत काका
बघितलं. चालू आहे. म्हणजे माझ्या घरात माझंच चालत नाही, हाच तर माझा मुद्दा!

एसटी थांबा
तुमची सगळी चर्चा फायबरवाल्यांची. आमच्या तालुक्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, दिवसाला दीड जीबी. नवं मशीन पहिल्याच दिवशी काही जीबी ओढायला बसतं आणि दुपारपर्यंत नेट संपतं. त्यामुळे ऑटो चालू ठेवा हा सल्ला आम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. मी सेटिंगमध्ये हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजका डेटा असलेलं, करून टाकलं, मोठी डाउनलोड थांबली. दुसरं म्हणजे 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' उघडून बघा. तिथे इंटरनेटवरच्या इतर संगणकांशी देवाणघेवाण चालू असेल, तर तुमचा डेटा लोकांना अपडेट वाटण्यात जातो.

आणि बायोसचं (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचं) अपडेट असेल तर डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय हात लावू नये. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड हातचा जाऊ शकतो, आणि आमच्याकडे ती मध्येच जाते.

हिशेबी
आठवडा की लगेच यावर हवं तेवढं भांडा, पण नव्या लॅपटॉपवर त्याआधी एक काम करा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन-इन केलं की विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते, कुणी सांगतही नाही. मग एखाद्या दिवशी फर्मवेअरचं (बायोससारख्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट होतं आणि मशीन सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. जुलै २०२४ च्या मासिक अपडेटनंतरही काही मशीनवर हाच पडदा आला होता. की नसेल तर फायली गेल्या.

ती की असते ज्या अकाउंटने सेटअप झाला त्याच्यात. दुकानात 'सगळं करून देतो' म्हणत पोरगा स्वतःच्या ईमेलने सेटअप उरकतो, म्हणजे की त्याच्याकडे! धागाकर्ते, तुमच्या भाचीच्या मशीनवर कुणाचं अकाउंट आहे?

बारीक शंका
भाचीचंच, सेटअप घरी केला होता. आत्ताच अकाउंट उघडून ४८ आकडे कागदावर उतरवले, कागद तिच्या मार्कशीटच्या फाइलीत. 'ॲक्टिव्ह अवर्स'ही सकाळी सात ते रात्री एक केले, म्हणजे परीक्षेत मध्येच रीस्टार्ट नको. एका आठवड्याच्या पॉजवर मात्र मी ठाम आहे.

पॅचवाला
राहा ठाम. फक्त एकाचे दोन, दोनाचे तीन करत बसू नका. पाच आठवडे झाले की साचलेलं सगळं घेतल्याशिवाय विंडोज पुन्हा पॉज करू देत नाही, आणि तेव्हा भाचीची सबमिशन चालू असेल.