अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची झोप: फरक वंशाचा की वस्तीचा?

निशाचर: अमेरिकेत हृदयविकारावरचा 'मेसा' हा अभ्यास २००० पासून चालू आहे. २०१० ते २०१३ मध्ये त्यातल्या ५४ ते ९३ वयाच्या गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाच्या लोकांची झोप यंत्रं लावून मोजली. सहा तासांहून कमी झोपणारे कृष्णवर्णीयांत सगळ्यात जास्त निघाले. माझ्या मते यात रक्ताचा दोष नाही, वस्तीचा आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या, घरकर्जं अडली, पुढे किती ठिकाणी महामार्गही त्यांच्यातूनच काढले. खिडकीखालून रात्रभर ट्रक जात असताना पंचाहत्तरीच्या बाईला 'जनुकांत आहे हो तुमच्या' म्हणून सांगायचं?

चष्मेवाली: असहमत. त्याच अभ्यासात झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास चिनी आणि हिस्पॅनिक लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त दिसला. चिनी लोक अंगाने बारीक असूनही, कारण जबड्याची ठेवण. जबडा काही महामार्गाने बदलत नाही! शरीराचं नावच काढायचं नाही असं ठरवलं, तर बारीक आजोबांची तपासणी कुणाला सुचणार?

निशाचर: जबडा मान्य. पण मी तासांबद्दल बोलतोय, तुम्ही श्वासाबद्दल.

तंबोरा: दोघंही आकड्यांवर फार विसंबताय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर चुकतो. रक्तात ऑक्सिजन कमी असूनही यंत्र 'ठीक' दाखवतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडल्याचं २०२० मध्ये छापून आलं. श्वास अडकणं मोजताना ऑक्सिजनची घसरणच तर धरतात.

चष्मेवाली: हा मुद्दा भारी. पण मग त्वचा म्हणजे शरीरच की!

निशाचर: त्वचा शरीराची, चूक यंत्र बनवणाऱ्याची. आणि मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा नियम बघा: सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मुखवट्यातून हवा सोडणारं यंत्र, पुढे चालू ठेवायचं तर पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवस असे हवेत की त्यातल्या ७० टक्के रात्री ते किमान ४ तास लावलं. जिची झोपच पाच तासांची, तीही तुकड्यातुकड्यांनी, तिने हे जमवायचं कसं?

चष्मेवाली: न वापरलेल्या यंत्राचे पैसे कुणी भरायचे मग? नियम सैल करा, काढू नका.

तंबोरा: रच्याकने, 'मेसा'त आपण नाहीच. दक्षिण आशियाई लोकांसाठी 'मसाला' हा वेगळा अभ्यास २०१० मध्ये शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात सुरू झाला. आमच्या सासूबाई न्यू जर्सीत. "वयात झोप कमीच लागते" म्हणतात आणि दुपारी टीव्हीसमोर घोरतात. त्यांना कुठल्या रकान्यात टाकू?